आधी ब्रेक, मग मान

"हाक आली की आधी ब्रेक, मग मान."

हे सांगूचं वाक्य. गाडी शिकायला बसणाऱ्या प्रत्येकाला तो पहिल्या दिवशी हे ऐकवायचा, मधल्या दिवशी ऐकवायचा आणि लायसन्स मिळाल्यावर पेढा तोंडात असतानाही ऐकवायचा. अर्थ सरळ आहे. चालत्या गाडीत कुणी हाक मारली तर मान वळवू नये. आधी थांबावं, मग बघावं कोण ते. इंग्लंडातल्या मिल्टन कीन्ससारख्या गावात हे वाक्य देवघरात लावण्याजोगं. इथले रस्ते फडताळाच्या फळ्यांसारखे सरळ, आणि दोन रस्ते जिथे भेटतात तिथे राऊंडअबाऊट. एक वळण चुकलं की माणूस मळणीच्या बैलासारखा फिरत राहतो. मी आजऱ्याकडचा. आमच्याकडे वाट चुकलेल्याला कुणीतरी भेटतं, चहा पाजतं आणि घरी पोचवतं. इथे वाट चुकलेल्याला पुन्हा तोच राऊंडअबाऊट भेटतो.

माझी लेक आश्लेषा इथल्या इस्पितळात डॉक्टर आहे. तिच्याकडे राहायला आलो तेव्हापासून मी सांगूला बघत आलो. गोष्टी सांगणं हे माझं काम. शाळेनं मला लवकर सोडलं, गोष्टींनी सोडलं नाही. राजांच्या सांगितल्या, चोरांच्या सांगितल्या, बोलणाऱ्या म्हशीची तर तीन गावांत मागून ऐकली गेली. पण ज्याचं नाव घेतल्याशिवाय कुठलीच गोष्ट सुरू होत नाही असा माणूस मला एकच भेटला, तो हा.

त्याचं नाव सांग-वू. कोरियातलं पुरुषाचं नाव, आणि तिकडे अगदी घरोघरचं. त्याच्या वर्गात तीन सांगू होते. मास्तरांनी हाक मारली की तिघंही उभे राहायचे, मार मात्र एकालाच बसायचा. वडीलधाऱ्याच्या तोंडी आपलं नाव आलं की उठून उभं राहायचं, ही सवय त्याच्या हाडात तिथेच मुरली.

इंग्लंडात आल्यावर ते नाव लोकांच्या तोंडात मोडायला लागलं. कुणी सँग म्हणे, कुणी सुंग, कुणी नुसतंच खोकल्यासारखं काहीतरी करी. शेवटी त्यानं नाव झटकून, घडी घालून आत ठेवून दिलं आणि तो सॅम झाला. गाडीच्या छतावरच्या पाटीवरही सॅमच. बायको इंग्लिश होती, ती सॅम म्हणायची, ती गेली. मुलगा कार्डिफला, तो डॅड म्हणतो. खरं नाव जगात एकाच तोंडी उरलं, आईच्या. त्यांच्यात जवळच्याला हाक मारताना नावाच्या शेवटी 'या' लावतात. दर रविवारी तिचा फोन यायचा, आणि खुशाली विचारायच्या आधी म्हातारी लांबलचक म्हणायची, "सांगूयाऽ." पुढे ती कोबीबद्दल बोलो की गुडघ्यांबद्दल, त्याचा आठवडा तेवढ्या हाकेवर निघायचा.

मग आई गेली. रविवार गुळगुळीत झाला.

अशाच एका गुळगुळीत दिवशी तो बाजारात कोबी दाबून बघत होता. शेजारच्या गाड्यावर सुहासिनीबाई उभ्या होत्या. या बाई मूळच्या पुण्याच्या, इथल्या मराठी मंडळाच्या स्वयंपाकाच्या मुख्य, आवाज असा की कुजबुजल्या तरी पलीकडच्या गल्लीतले कुत्रे उठावेत. नॉटिंगहॅमच्या बहिणीशी त्यांचा फोन चालला होता. सुनेनं पितळेचं पुरणयंत्र डिशवॉशरमध्ये घातलं होतं, आणि ते काळं पडून बाहेर आलं होतं.

"काय सांगू तुला!" बाई कळवळून म्हणाल्या. "कसं सांगू? अगं, कुणाला सांगू?"

सांगूचे पाय थांबले. मग मान वळली. इतक्या दुःखानं, इतक्या मायेनं, एका दमात तीनदा त्याचं नाव त्याच्या आईनंही घेतलं नव्हतं. तो कोबी घेऊन बाईंसमोर गेला आणि हात जोडून ताठ उभा राहिला.

"येस?" बाई म्हणाल्या.

"सांगू," तो म्हणाला.

बाईंनी त्याला खालीवर बघितलं. चेहरा लांबचा, शब्द घरचा. "हो, सांगा ना."

"सांगू."

"अहो, सांगा की! विचारताय काय सारखं?"

"सांगू!" तो छातीवर हात ठेवून म्हणाला.

"थांब गं जरा," बाई फोनात म्हणाल्या. "इथे एक गृहस्थ आलेत. मघापासून सांगू, सांगू करतायत आणि सांगत काहीच नाहीत. वर रडतायत."

खरंच तो रडत होता. बाईंनी फोन ठेवला, इंग्रजीत चौकशी केली, आणि सगळं कळल्यावर कांद्याच्या क्रेटवर बसून इतक्या हसल्या की भाजीवाल्यानं पाणी आणून दिलं. मग उठल्या आणि म्हणाल्या, "सांगूभाऊ, रविवारी हॉलवर या. तिथे तुमच्या नावाला तोटा नाही."

तो आला, आणि येत राहिला.

मराठी माणसाचं असं आहे की त्याला नुसतं सांगता येत नाही. आधी 'सांगू का?' विचारावं लागतं, मग 'काय सांगू' म्हणून हळहळावं लागतं, मग 'खरं सांगू?' म्हणून जवळ सरकावं लागतं, आणि एवढं झाल्यावर मूळ गोष्ट दोन शब्दांची निघते. मंडळाच्या हॉलमध्ये हा पाऊस चारही बाजूंनी पडायचा. सांगू दाराजवळच्या खुर्चीवर बसून त्यात भिजायचा. थंडीत शेकोटीला बसलेल्या माणसाचा चेहरा असतो ना, तसा चेहरा. बायका-पोरांच्या बोलण्यावर तो नुसता हसून मान लववी. पण त्याच्याहून थोरला कुणी बोलला, म्हणजे मी किंवा डॉक्टर पद्माकर, की तो उभा राही, थोडा वाके आणि पुन्हा बसे.

मंडळातल्या बायका त्याच्याकडे गाडी शिकायला लागल्या. त्यांच्याकडून तो मराठी शिकला. पुरुष त्याच्याशी इंग्रजीतच बोलत, त्यामुळे त्याचं सगळं मराठी बायकांकडून आलेलं. "मी आले," म्हणत तो हॉलमध्ये शिरायचा. "मी दमले गं बाई," म्हणत खुर्चीवर बसायचा. ओठावर पांढरी मिशी, आणि "मी जाते हं." कुणी त्याला सुधारलं नाही. चांगलं पिकलेलं शेत कुणी नांगरतं का?

गाडीत मात्र पंचाईत होती. गाडीत हाक म्हणजे धोका, असं त्याचं शास्त्र. आणि त्याच्या पायाखाली शिकवणाऱ्याचा वेगळा ब्रेक. शिकणारीनं "सांगू का, काल काय झालं" म्हटलं की गचकन गाडी थांबे. बाकीच्या जणी ओठ शिवून शिकल्या आणि पास झाल्या. सुहासिनीबाईंना ते जमेना. त्यांच्या घरापासून दुकानांपर्यंतची वाट त्यांनी अशी कापली की मागची बस रिकामी होऊन लोक चालत पुढे गेले. परीक्षेच्या दिवशी त्यांनी परीक्षकालाही सवयीनं म्हटलं, "सांगू का," आणि गाडी आपोआप थांबेल म्हणून वाट बघत बसल्या. परीक्षकांची नावं वेगळी असतात. गाडी राऊंडअबाऊटवरच्या डॅफोडिल्समध्ये गेली.

"आधी ब्रेक, मग मान," सांगू हळहळला.

"ब्रेक तुम्हीच लावता ना नेहमी!" बाई म्हणाल्या. "मला काय माहीत माझ्याकडेपण एक असतो?"

हे असं वर्षानुवर्षं चाललं असतं. पण दिवाळीच्या कार्यक्रमात डॉक्टर पद्माकर बोलायला उभे राहिले.

पद्माकर मंडळाचे सचिव. सगळी हयात इथल्या इस्पितळांत हाडं जोडण्यात गेली, आता निवृत्त. भाषेवर प्रेम, त्याहून जास्त स्वतःच्या भाषणावर. माइक हातात घेऊन ते म्हणाले, "मंडळाच्या वाटचालीबद्दल काय सांगू?" सांगू उठला, वाकला, बसला. "किती सांगू?" उठला, वाकला, बसला. "कुठून सुरुवात करू, कुणाकुणाचं सांगू, आणि कसं सांगू?" भाषण लांबलं. एरवी भाषणात डोळे मिटून बोलणाऱ्या पद्माकरांनी शेवटी डोळे उघडले, तर दाराजवळ घामानं निथळणारा एक माणूस गुडघा धरून अर्धा उभा होता आणि हसत होता.

डॉक्टरांना ते फार लागलं. पुढच्याच बैठकीत ते म्हणाले, "आपल्या घरी आलेल्या पाहुण्याला आपण उठाबशा काढायला लावतो! त्याचा गुडघा बघितलाय का मी सोडून कुणी? आणि माणसाचं नाव म्हणजे काय क्रियापद आहे, कुणीही यावं आणि चालवावं? आजपासून सांगूभाऊ हॉलमध्ये असताना तो शब्द बंद. जो चुकेल त्यानं कार्यक्रमानंतर सगळी पातेली घासायची."

"आणि मग बोलायचं कसं?" सुहासिनीबाईंनी विचारलं.

"मराठी समृद्ध भाषा आहे. कथन करू म्हणा. निवेदन करू म्हणा."

"डॉक्टर, आयुष्यभर लोकांना जीभ दाखवा म्हणालात, आता कापायलाच निघालात."

पण हेतू चांगला होता, आणि पातेली मोठी होती. नियम झाला. सांगूला यातलं काही कळवायचं नाही, असंही ठरलं. त्याला उगीच अवघडल्यासारखं होईल.

पुढच्या रविवारी सांगू आला. "मी आले," म्हणाला. आणि हॉल गप्प झाला.

लोकांनी प्रयत्न केला नाही असं नाही. एक बाई दुसरीच्या कानाशी लागली आणि म्हणाली, "अगं, तुला एक कथन करू?" दुसरी इतकी दचकली की पहिली कथन विसरली. मंडळातल्या मालविकाचा मुलगा विहान इथेच जन्मलेला, तो आजीला म्हणाला, "आजी, मी तुला एक गंमत स्पीक करू?" त्याचं मराठी त्या दिवशी सगळ्यांत चांगलं ठरलं. कुणी "निवेदन" म्हटलं की आकाशवाणी लागल्यासारखं सगळे ताठ बसत. शेवटी लोक हातवारे करू लागले. सुहासिनीबाईंचा चेहरा झाकण दाबून धरलेल्या कुकरसारखा लाल झाला. मला गोष्ट सांगायला उभं केलं. मी तोंड उघडलं, पहिला शब्द ओठावर आला, समोर पातेली दिसली आणि शब्द गिळला. बोलणारी म्हैस त्या दिवशी बोलली नाही. जन्मात पहिल्यांदा मी गोष्ट न सांगता खाली बसलो. हॉलचा इंग्रज रखवालदार दार उघडून आत डोकावला आणि विचारून गेला, कुणी वारलंय का.

सांगू दाराजवळ बसून होता. तो ज्या बाजूला बघे तिकडचं बोलणं थांबे. त्यानं एकदा खुर्ची पुढे सरकवली, मग मागे नेली. चहा न घेता गेला. "मी जाते," एवढंच म्हणाला, आणि 'हं' लावायचं विसरला.

पुन्हा एकदा आला, पुन्हा तेच झालं. मग तो यायचाच बंद झाला. सुहासिनीबाईंच्या फोनला उत्तर नाही, घराला कुलूप. "मुलाकडे गेला असेल," पद्माकर म्हणाले, पण त्यांची झोप उडाली. हाड चुकीचं जोडलं गेलं की डॉक्टरला कळतं. एका सकाळी ते मला म्हणाले, "बुवा, चला. लंडनच्या टोकाला न्यू माल्डन म्हणून भाग आहे, तिकडे कोरियन लोक राहतात. तो कोबी आणायला जातो तिथे. सापडेल."

गेलो. एका मोठ्या कोरियन दुकानात शिरलो. माणसं पुष्कळ, मुळे मांडीएवढे, आणि सांगू कुठे दिसेना. पद्माकर इंग्रजीत चौकशी करायला लागले. मी रानातला माणूस. हरवलेलं जनावर चौकशीनं सापडत नाही हे मला ठाऊक. मी तोंडाला हात लावून हाक घातली, "सांगूऽ!"

तीन माणसं वळली.

मांस कापणारा एक, हातात सुरी. एक कॉलेजातला, त्यानं कानातली बोंडकं उपसली. आणि मुळ्यांच्या ढिगाआडून एक म्हातारा. आमचा त्यांत कुणीच नव्हता. पण तिघांच्या तोंडावर जो उजेड आला तो मी आधी पाहिलेला होता, दाराजवळच्या खुर्चीवर.

तिघं येऊन उभे राहिले. काय काम आहे, तिघांनी विचारलं. काही नाही, म्हणालो. म्हातारा म्हणाला, काही नसलं तरी चालेल. मांस कापणारा म्हणाला, इथे त्याला सगळे स्टीव्ह म्हणतात. आवाज सारखा असला तरी तिघांच्या नावांचे अर्थ वेगळे, हेही त्यांनी सांगितलं. ज्याच्या त्याच्या बापानं लिहिताना वेगळी अक्षरं निवडलेली. एकाचा मित्र, एकाचं आकाश, एकाचा मदतीचा हात. निघताना तिघं स्टेशनपर्यंत आले. गाडी हलली तेव्हा म्हाताऱ्यानं खूण केली, म्हणून मी खिडकीतून आणखी एकदा हाक मारली. तिघांनी हात वर केले.

मग पद्माकर म्हणाले, "बुवा, आपण त्याचा गुडघा वाचवला आणि..."

त्याच संध्याकाळी सुहासिनीबाईंना सांगूचा मेसेज आला. गाडी विकली होती. कार्डिफला मुलानं खोली तयार केली होती, सोमवारी तो कायमचा जाणार होता. हॉल उघडायची एक किल्ली त्याच्याकडे असायची; ती द्यायला गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला येऊन जाणार होता.

पाडव्याला हॉल भरलेला होता. कडुनिंब मिळाला नव्हता, गुढीला तमालपत्राची डहाळी बांधली होती. ठरलं असं की तो आला की पद्माकरांनी नियमाची हकीकत त्याच्या कानावर घालायची, माफी मागायची आणि नियम उठवायचा. उठेपर्यंत मात्र नियम लागू होता. डॉक्टर नियमाच्या बाबतीत कडक.

सांगू आला. सूट घातलेला, काखेत गाडीच्या छतावरची ती पाटी. त्यानं किल्ली टेबलावर ठेवली. पाटी सुहासिनीबाईंच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, "तुला. आठवण." मग सगळ्यांकडे बघून वाकला.

पद्माकर पुढे झाले. घसा साफ केला. "सांगूभाऊ, मी आपणांस... मला आपणांस असं निवेदन..." आणि अडकले. इतके दिवस तो शब्द टाळून टाळून जिभेची वाटच बुजली होती. सांगूनं थोडी वाट पाहिली.

"मी जाते," तो म्हणाला, आणि बाहेर पडला.

"अहो, जातायत ते!" पद्माकर सुहासिनीबाईंना म्हणाले. "तुम्ही सांगा त्यांना."

"मी का? नियम तुमचा, तोंड तुमचं, तुम्ही सांगा."

"मला शब्द सापडत नाहीये!"

"मग काय आता माणूस जाऊ द्यायचा?" बाई ओरडल्या. "चला, सगळे मिळून सांगूयाऽ!"

एवढ्या वर्षांत हॉलमध्ये नाव सगळ्या तऱ्हांनी घेतलं गेलं होतं. असं कधीच नाही. मराठी माणूस एकेकटाच सांगतो. सगळ्यांनी मिळून सांगायची वेळ त्याच्यावर येते कधी?

कार पार्कच्या मधोमध सांगूचे पाय थांबले. मग, खूप सावकाश, मान वळली.

"आले," तो म्हणाला. आणि मग मोठ्यानं, "आले, आले!" म्हणत, दुखऱ्या गुडघ्यावर पळत तो परत आला, आणि सुहासिनीबाईंच्या समोर शाळेतल्या पोरासारखा ताठ उभा राहिला. बाई घाबरल्या. त्यांना वाटलं आपण पातेली घासणार.

मग सगळं सांगून झालं, सगळे मिळून. दिवाळीचं भाषण, गुडघा, नियम, निवेदन. सांगू ऐकत होता. ऐकून झाल्यावर अर्धं इंग्रजीत, अर्धं बायकांच्या मराठीत तो म्हणाला, "मला पहिल्या महिन्यात कळली. विहाननं सांगितली. सांगू म्हणजे 'शाल आय टेल'. कळली तर काय झालं? तिकडे काम असलं की माझं नाव घेत. इथे कुणाला आनंद झाली, दुःख झाली, की आधी माझं नाव, मग ती गोष्ट. माझ्याएवढी श्रीमंत सांगू न्यू माल्डनला आहे का? मग तुम्ही सगळी गप्प झाली. मला वाटलं, मी काहीतरी चुकले."

पद्माकरांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा, आता मी काय सांगू!"

हॉल छप्पर उडेल असा हसला. सांगू तर उभाच होता, त्यानं वाकून घेतलं. नियम अजून उठलेला नव्हता. डॉक्टरांनी बाह्या वर केल्या आणि मुकाट पातेल्यांकडे गेले.

"कार्डिफचं काय?" मी विचारलं.

"ख्रिसमसला जाते," सांगू म्हणाला.

"पण गाडी तर विकलीत," सुहासिनीबाई म्हणाल्या. "बरं, सुनेची गाडी आहे. तिच्यात शिकवा मला. पुरणयंत्राची फिटंफाट होईल."

"तिच्यात माझा ब्रेक नाही."

"मग मी गप्प बसेन."

पाडव्याच्या दिवशी एवढं मोठं खोटं कुणी बोलू नये.

तो निघाला तेव्हा ऊन उतरत होतं. टेबलावरची किल्ली त्यानं परत खिशात टाकली होती. पाटीही परत काखेत होती. शिकवायचं म्हणजे ती लागणारच. गाडी नसल्यामुळे तो लाल पायवाटेनं, रेडवेनं, चालत निघाला. आम्ही दारात उभे होतो. पद्माकरांच्या हातात साबणानं भरलेलं पातेलं होतं आणि ते कोपरापर्यंत ओले होते.

तेवढ्यात सुहासिनीबाईंचा फोन वाजला. नॉटिंगहॅमची बहीण. "अगं, काय सांगू तुला!" बाई म्हणाल्या.

रेडवेवर लांब, पाटी घेतलेली आकृती थांबली. मग मान वळली. हात वर झाला. पुन्हा चालायला लागली.

"कुठून सांगू?" बाई म्हणाल्या.

आकृती थांबली. मान वळली.

घर जवळ होतं त्याचं, पण आम्ही बघत उभे राहिलो आणि फोन काही संपेना. हॉलचा रखवालदार कुलूप घेऊन आमच्या मागे येऊन उभा राहिला, तोही बघायला लागला.